कॉर्डलेस मशीन घेताना आधी बॅटरीचा हिशेब करा

नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर वॉर्डरोब बसवायचे होते. फ्लॅटचा ताबा मिळाला होता, पण वीजमीटर अजून लागला नव्हता. खालच्या मजल्यावरून वीज घ्यायची तर जिन्यातून तीस मीटर वायर ओढायची, त्यात रंगाऱ्यांची ये-जा आणि जागोजागी ओली फरशी. आम्ही वायर ओढलीच नाही. बॅटरीवरचं कॉर्डलेस ड्रिल काढलं, दोन बॅटऱ्या आलटून पालटून वापरल्या आणि संध्याकाळपर्यंत बिजागऱ्यांसकट काम उरकलं.

त्याच वर्षी माझ्या आत्येभावानं जवळपास तसंच मशीन घरासाठी घेतलं. फोटो टांगायचे, पडद्याचे रॉड लावायचे, एवढंच काम. पहिल्या महिन्यात हौसेनं वापरलं, मग ते पेटीत घालून माळ्यावर गेलं. तीन वर्षांनी काढलं तेव्हा एक बॅटरी चार्जच होईना आणि दुसरी चार भोकांत दमायला लागली. मशीन मात्र कोरं करकरीत होतं.

पैसे दोघांचे सारखेच गेले, पण मला ते मशीन स्वस्त पडलं आणि त्याला फार महाग. हा फरक बॅटरीमुळे पडतो, आणि दुकानदार तो क्वचितच समजावून सांगतो. म्हणून खरेदीचा क्रम मी जसा लावतो तसाच इथे मांडतो आहे.

पहिली पायरी : कामांची यादी, मिनिटांसकट

मशीन बघण्याआधी कागद घ्या. गेल्या वर्षभरात घरात किंवा कामावर काय काय केलं ते लिहा आणि प्रत्येक कामापुढे मशीन प्रत्यक्ष किती मिनिटं फिरलं असेल ते लिहा. मोजमाप, खुणा, शिडीवर चढणं-उतरणं यात धरायचं नाही, फक्त ट्रिगर दाबलेला वेळ. घरगुती यादीत वर्षाची बेरीज बहुतेक वेळा तासभरही भरत नाही. फर्निचरचं काम करणाऱ्याची तेवढी बेरीज एकदोन दिवसांतच होते.

मग प्रत्येक कामापुढे भिंत किंवा माल कोणता तेही लिहा. इथे फार जण फसतात. पडद्याचा रॉड खिडकीच्या वर लागतो आणि खिडकीच्या वर असतो लिंटेल, म्हणजे आरसीसी. विटेच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीत ६ मिमीचं भोक १८ व्होल्टचं हॅमर-ड्रिल सहज पाडतं. लिंटेलमध्ये तेच मशीन गुरगुरत राहतं, बिट तापून निळं पडतं आणि भोक काही पुढे सरकत नाही. साध्या हॅमर-ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरून ठोका देतात. हा ठोका बारीक असतो आणि त्याची ताकद तुमच्या दाबावर अवलंबून असते. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो, ती हवा आतलं वजन पुढे फेकते आणि ते वजन बिटच्या बुडावर आदळतं. म्हणून घरात फक्त पडदेच लावायचे असतील तर महागडं कॉर्डलेस ड्रिल हे त्याचं उत्तर नाही. वायरचा लहान रोटरी हॅमर भाड्यानं आणा, नाहीतर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि सगळी भोकं एकाच दिवशी पाडून घ्या.

दुसरी पायरी : एका चार्जिंगला किती पडतं ते काढा

बॅटरी चार्ज करायला विजेचा खर्च किती, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तो जवळजवळ नाहीच. १८ व्होल्ट, २ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती मावतं त्याचं माप) बॅटरी म्हणजे १८ गुणिले २, म्हणजे ३६ वॅट-अवर. चार्जरमधली गळती धरून ४५ म्हणा. युनिटला दहा रुपये धरले तरी एका चार्जिंगची वीज पन्नास पैशांच्या आत येते. खरा खर्च बॅटरी झिजण्याचा आहे.

आकडे हिशेबापुरते गोल धरतो, तुमच्या दुकानातला भाव घालून तुम्ही पुन्हा मांडा. समजा बॅटरी ४,००० रुपयांची आहे. नीट वापरलेली लिथियम-आयन बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण भरून रिकामी होईपर्यंत चांगली चालते. ४,००० भागिले ५००, म्हणजे चार्जिंगला ८ रुपये, वीज धरून साडेआठ. रोज दोन चार्जिंग केली तर दिवसाला १७ रुपये. कारागिराची मजुरी आठ तासांना ९०० रुपये धरली तर मिनिटाला पावणेदोन-दोन रुपये पडतात. वायर ओढणं, प्लग शोधणं, बोर्ड सरकवणं, वायर शिडीत अडकली की खाली उतरणं, यातली नऊ मिनिटं वाचली की त्या दिवसाचा बॅटरीचा खर्च निघाला. साइटवर काम केलेल्या कुणालाही विचारा, नऊ मिनिटं पहिल्या तासातच वाचतात.

आता हाच हिशेब घरासाठी करा. लिथियम-आयन बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते. आतली रासायनिक झीज चालूच असते, उष्णतेत जास्त वेगानं. पाच वर्षांत तुम्ही ती वीस वेळा चार्ज केली आणि मग ती बसली, तर ४,००० भागिले २० म्हणजे एका चार्जिंगला २०० रुपये. वायरचं १३ मिमी चकचं (चक म्हणजे बिट पकडणारा जबडा) ड्रिल मात्र दहा वर्षं कपाटात पडून राहिलं तरी प्लग लावला की फिरतं, फार तर मोटरमधले कार्बन (ब्रश) बदलावे लागतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वर्षातून चार-सहा वेळा ड्रिल लागणाऱ्या घरात भोकं पाडायला वायरचं मशीन ठेवा. कॉर्डलेस हवंच असेल तर स्क्रू घट्ट-सैल करायला १२ व्होल्टचा छोटा ड्रायव्हर घ्या, एका बॅटरीचा. कपाटाची बिजागरी, पलंगाचे बोल्ट, स्विचबोर्डाचं झाकण यांसाठी तो पुरतो, आणि बॅटरी बसली तरी नुकसान कमी.

तिसरी पायरी : डब्यावरचे आकडे वाचायला शिका

लिथियम-आयनचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्टचा असतो आणि पूर्ण भरला की ४.२ व्होल्टपर्यंत जातो. पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात, भरल्यावर २१. म्हणून १८ व्होल्ट, ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि २१ व्होल्ट ही बहुतेक वेळा एकाच बॅटरीची तीन नावं असतात. डीवॉल्टची अमेरिकेतली ‘२० मॅक्स’ मालिका आणि इतरत्र विकली जाणारी १८ व्होल्टची मालिका यांत ताकदीचा फरक शोधू नका. तसंच १२ व्होल्ट म्हणजे तीन सेल, खरे १०.८. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त संचांवर ४८, ८८ किंवा त्याहून मोठे आकडे छापलेले असतात. आत पाचच सेल असतील तर ती बॅटरी १८ व्होल्टचीच, मग स्टिकरवर काहीही छापलेलं असो.

एएच म्हणजे टाकी किती मोठी, हे सगळ्यांना माहीत असतं. पण टाकीबरोबर नळही रुंद होतो, हे कमी जणांना ठाऊक असतं. २ एएचच्या बॅटरीत सहसा पाच सेल असतात. ४ किंवा ५ एएचच्या बॅटरीत बहुधा दहा, जोडी-जोडीनं लावलेले. जास्त ताकद मागितली की भार दोन सेलमध्ये वाटला जातो, व्होल्टेज कमी कोसळतं आणि तेच मशीन अंगात आल्यासारखं चालतं. म्हणून ग्राइंडर किंवा गोल करवतीला २ एएच लावून ‘मशीनमध्ये दम नाही’ म्हणणं बरोबर नाही. उलट दिवसभर डोक्याच्या वर हात धरून फॉल्स सीलिंगचे स्क्रू मारायचे असतील तर जड ५ एएच खांदा दुखवतं. तिथे २ एएचच्या दोन बॅटऱ्या बऱ्या. प्लायमध्ये ३५ मिमीचे अडीच-तीनशे स्क्रू एका २ एएचमध्ये बसतात, असा माझा अनुभव आहे.

ब्रशलेस, म्हणजे कार्बन नसलेली, मोटर घ्यावी का? रोजच्या कामाला घ्यावी. कार्बनचं घर्षण नसल्यानं मोटर कमी तापते आणि त्याच बॅटरीवर जास्त वेळ चालते. एक तोटा माहीत असावा. साध्या मोटरचे कार्बन कोपऱ्यावरचा दुकानदारही बदलून देतो, ब्रशलेसचं सर्किट गेलं तर बिल मोठं येतं.

चौथी पायरी : कोणत्या घराण्यात शिरायचं ते ठरवा

पहिलं मशीन घेताना तुम्ही पुढच्या पाच मशीनचा निर्णय घेत असता. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही, आणि कधी कधी तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या मशीनलाही बसत नाही. बॉशची निळी व्यावसायिक मशीन आणि हिरवी घरगुती मशीन, दोन्ही १८ व्होल्टची, पण बॅटऱ्या अदलाबदल होत नाहीत. माकिटाच्या १८ व्होल्टमध्येच ‘एलएक्सटी’ आणि ‘जी’ अशा दोन मालिका आहेत. ‘जी’ मालिका स्वस्त म्हणून घेतली जाते आणि पुढे एलएक्सटीचं ग्राइंडर घेतलं की हातातली बॅटरी निरुपयोगी ठरते. डीवॉल्ट, स्टॅनले आणि ब्लॅक अँड डेकर एकाच उद्योगसमूहाचे ब्रँड असले तरी बॅटऱ्या वेगळ्या. बॉशच्या पुढाकारानं ‘अँपशेअर’ आणि मेटाबोच्या पुढाकारानं ‘सीएएस’ अशा काही कंपन्यांच्या सामाईक बॅटरी-युती झाल्या आहेत, पण दुकानात मशीन हातात घेऊन बॅटरी चढवून बघितल्याशिवाय गृहीत धरू नका.

घराणं निवडताना मी मशीनपेक्षा तीन गोष्टींकडे जास्त बघतो. तुमच्या शहरात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का? सुटी बॅटरी दुकानात मिळते का, आणि तिचा भाव काय? आणि तुम्हाला पुढे लागणारी मशीन त्याच मालिकेत ‘सोलो’ मिळतात का? सोलो म्हणजे बॅटरी-चार्जरशिवाय नुसतं मशीन. दोन बॅटऱ्या आणि चार्जरचा पहिला संच महाग वाटतो, पण नंतरची मशीन सोलो घेतली की प्रत्येक वेळी बॅटरीचे पैसे वाचतात. कॉर्डलेसची खरी बचत इथे आहे. एकच मशीन घेऊन थांबणाऱ्याला ती कधीच मिळत नाही.

एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला जोडणारे प्लास्टिकचे अडॅप्टर बाजारात आहेत. मी ते वापरत नाही. काही कंपन्यांमध्ये बॅटरी किती उतरल्यावर थांबायचं, हे मशीन ठरवतं, बॅटरी नाही. अडॅप्टरमधून ती खूण पोहोचत नाही, बॅटरी पार रिकामी होते आणि सेल कायमचे जातात.

दुबईहून किंवा अमेरिकेहून कुणी नातेवाईक मशीन आणणार असेल तर दोन गोष्टी आधी सांगा. अमेरिकेतले बरेच चार्जर फक्त १२० व्होल्टवर चालतात, आपल्या २३० व्होल्टला लावला की चार्जर जळतो. म्हणून चार्जरच्या मागचं लेबल वाचून घ्या. आणि विमानात सुटी बॅटरी केबिनच्या बॅगेतच न्यावी लागते. १०० वॅट-अवरपर्यंत चालते, १८ व्होल्ट ५ एएच म्हणजे ९०. त्यावर १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते. मशीन मात्र चेक-इन सामानात.

पाचवी पायरी : पेटी उघडली की आधी वजनकाटा

नकली बॅटरी ओळखण्याचा सोपा उपाय स्वयंपाकघरात आहे. नेहमीचा १८६५० सेल, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो. दहा सेलची बॅटरी असेल तर नुसते सेलच साडेचारशे ग्रॅमच्या पुढे जातात. वर खोका, पट्ट्या, सर्किट. अशी बॅटरी अर्ध्या किलोच्या खाली भरूच शकत नाही. या आकाराच्या एका सेलमध्ये फार तर साडेतीन एएच मावतात. मग साडेतीनशे ग्रॅमची बॅटरी ‘६ एएच’ म्हणून विकली जात असेल तर आकडा खोटा आहे, सरळ परत करा. मी स्वतः ऑनलाइन मागवलेल्या एका स्वस्त संचात असंच झालं. काट्यावर ठेवली तेव्हाच कळलं. मुदतीत परत केली म्हणून पैसे मिळाले.

त्याच दिवशी बॅटरी पूर्ण चार्ज करा, मल्टिमीटरनं व्होल्टेज मोजा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. १८ व्होल्टची बॅटरी भरल्यावर वीसच्या वर दाखवते आणि रात्रीत फारशी उतरत नाही. सोळा-सतरावर अडकत असेल तर पाचापैकी एक सेल गेलेला आहे. जुनी बॅटरी विकत घेतानाही हीच परीक्षा करा. बटण दाबल्यावर लागणाऱ्या दिव्यांवर जाऊ नका. टाकी किती भरली ते दिवे सांगतात, टाकी आक्रसून केवढी उरली आहे ते सांगत नाहीत. वॉरंटी कार्डावर बॅटरीची मुदत वेगळी लिहिलेली असू शकते, तीही तिथल्या तिथे वाचा.

वायर कुठे ठेवायची

दगड, टाइल, लोखंड सलग कापायचं असेल तिथे मी आजही वायरचंच ग्राइंडर लावतो. साधा भागाकार आहे. १८ व्होल्ट ४ एएच म्हणजे ७२ वॅट-अवर. जोर लावून कापताना ग्राइंडर ७०० वॅट खेचत असेल तर ७२ भागिले ७००, म्हणजे जेमतेम सहा मिनिटं. गेट बनवणाऱ्या फॅब्रिकेटरनं दिवसभराला किती बॅटऱ्या विकत घ्यायच्या? वर्कशॉपात एका जागी उभं राहून करायचं काम असेल आणि प्लग हाताशी असेल तर वायर अडचण करत नाही. पण त्याच फॅब्रिकेटरला गच्चीवर जाऊन चार बोल्ट कापायचे असतील तर कॉर्डलेस ग्राइंडर सोन्यासारखं आहे. ओल्या जागी कापलेल्या वायरमुळे बसणारा शॉक आणि शिडीवर पायात गुंतणारी वायर, हे दोन्ही धोके त्यानं टळतात. तेवढ्यासाठी जास्त पैसे द्यायला मी कधी कचरत नाही.

बॅटरी सांभाळणं

‘पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नका’ हा सल्ला अजून ऐकू येतो. तो निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला आहे. ब्लॅक अँड डेकरनं १९६१ साली पहिलं कॉर्डलेस ड्रिल आणलं तेव्हापासून कित्येक दशकं मशीनमध्ये तीच बॅटरी असायची. लिथियम-आयनला तो नियम लागू नाही, उलट ती पार रिकामी केली की तिचं आयुष्य घटतं. मशीन मंदावलं की बॅटरी काढा.

शेतकरी मित्रांचा इथे दुसराच घोळ होतो. पाठीवरच्या फवारणी पंपात बऱ्याचदा १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. ती हंगाम संपल्यावर पूर्ण भरून ठेवावी लागते आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरावी लागते, नाहीतर आतल्या प्लेटांवर सल्फेट साचतं. कॉर्डलेस मशीनची लिथियम बॅटरी नेमकी उलटी. ती बरेच दिवस वापरायची नसेल तर अर्धी भरलेली, चारपैकी दोन दिवे लागतील अशी ठेवावी. पूर्ण भरून आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवली तर ती सगळ्यात लवकर मरते. पंप नवा असेल तर त्यावरचं लेबल बघा, आता काही पंपांत लिथियमही येते.

आपल्याकडे बॅटरीचा मोठा शत्रू ऊन. चंद्रपूर, नागपूर, जळगावच्या मे महिन्यात सावलीतच पारा ४५च्या आसपास जातो. बहुतेक चार्जरची कमाल मर्यादा ४० ते ४५ अंशांच्या दरम्यान असते. त्यामुळे दुपारी साइटवर चार्जर ‘गरम’चा दिवा दाखवून थांबतो आणि लोकांना वाटतं तो बिघडला. काम करून तापलेली बॅटरी अर्धा तास सावलीत थंड होऊ द्या, मग लावा. शक्यतो सकाळी किंवा रात्री जेवायच्या वेळी चार्ज करा. बंद गाडीत, डिक्कीत, गच्चीवर बॅटरी ठेवू नका. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात टर्मिनलवर हिरवट थर चढतो. कोरड्या फडक्यानं पुसा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

सुटी बॅटरी स्क्रूंच्या पिशवीत कधीही टाकू नका. एक स्क्रू दोन टर्मिनलवर आडवा पडला की पिशवी पेटू शकते. चार्जर लाकडाच्या भुशापासून, गाद्यांपासून लांब, फरशीवर ठेवा आणि सगळे झोपल्यावर चालू ठेवू नका.

बॅटरी बसली तर

चार्जर घेत नाही म्हणजे बॅटरी मेलीच, असं नाही. आधी दोन्हीकडची टर्मिनल पुसा, बॅटरी थंड आहे ना बघा, दुसऱ्या चार्जरवर लावून बघा. वॉरंटीत असेल तर खोका उघडू नका.

सेल बदलून देणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत. द्यायची असेल तर दोन प्रश्न विचारा : सगळे सेल एकदम बदलणार ना, आणि स्पॉट वेल्डिंग करणार ना? फक्त मेलेला एक सेल बदलला तर नवा आणि जुने एका चालीनं चालत नाहीत आणि पुन्हा तीच गत होते. सेलवर थेट गरम सोल्डरिंग आयर्न टेकवणाऱ्याकडे बॅटरी देऊ नका, उष्णतेनं आतला पडदा दुखावतो. सेलही जास्त करंट झेपणारे हवेत. लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल ड्रिलला पुरे पडत नाहीत. नव्या बॅटरीच्या निम्म्याहून जास्त खर्च सांगत असेल तर नवीनच घ्या.

फुगलेली, आपटून चेपलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी दुरुस्तीला देऊ नका आणि चार्जही करू नका. टर्मिनलवर चिकटपट्टी लावा आणि घराबाहेर, ऊन-पाऊस लागणार नाही अशा जागी मातीच्या कुंडीत किंवा वाळूच्या बादलीत ठेवा. ओल्या-सुक्या कचऱ्यात ती जाता कामा नये. घंटागाडीत दाबली गेली तर ती पेट घेते आणि इजा गाडीवरच्या माणसाला होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. नवीन बॅटरी आणायला जाल तेव्हा जुनी पिशवीत घालून बरोबरच न्या.